सदतीस वर्षांचा नकार

बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला ‘नाही’ या शब्दाविषयी एक छुपा आदर असतो. कर्ज मंजूर करायला पेन पुरते, नामंजूर करायला छाती लागते, असे आमच्या वेळचे जुने मॅनेजर समजत. मीही तसेच समजत आलो. पुढे बढती मिळाली आणि नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात अधूनमधून बोलण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा मी एका अमेरिकन गृहस्थांची गोष्ट हमखास सांगे. सदतीस वर्षे सलग संसदेत बसून ज्यांनी सरकारी तिजोरीच्या तोंडावर हात ठेवला, अशा माणसाची ती गोष्ट होती. मुले मन लावून ऐकत. दोन-चार वर्षांनी मी ती सांगणे बंद केले. का बंद केले, ते आज सांगायचे आहे.

त्यांचे नाव नॅथॅनिएल मेकन. वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन ही नावे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. मेकन यांचे नाव मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यापलीकडे फारसे कुणी ऐकलेले नसते. त्यांच्या हयातीत ते तिकडे घरोघरी माहीत होते. जॉर्जिया राज्यातल्या एका मोठ्या शहराला त्यांचे नाव आहे, समुद्रकाठच्या एका किल्ल्याला आहे, व्हर्जिनियातल्या एका कॉलेजच्या नावातही ते आहे. १८२४ च्या निवडणुकीत व्हर्जिनियाने आपली सगळी, म्हणजे २४ मते उपाध्यक्षपदासाठी त्यांना दिली. जेफरसन त्यांना रोमनांमधला शेवटचा रोमन मानीत.

जन्म उत्तर कॅरोलायना राज्यातल्या वॉरेन परगण्यातला, १७५८ च्या आसपासचा. वडील तंबाखूचे मळेवाले. मुलगा पाच-सहा वर्षांचा व्हायच्या आतच ते वारले, पण जमीन आणि गुलाम मागे ठेवून गेले. मुलाला शिकायला प्रिन्स्टनच्या कॉलेजात पाठवले, तर तेवढ्यात इंग्रजांविरुद्धचे युद्ध पेटले आणि पुस्तके मिटली. १७८० मध्ये ते साधे शिपाई म्हणून फौजेत दाखल झाले. अधिकारीपद त्यांनी घेतले नाही आणि पगारही नाकारला, असे सांगतात. छावणीत असतानाच राज्याच्या सिनेटवर निवडून आल्याचा निरोप आला. त्यांना जायचे नव्हते. सेनापती ग्रीन यांनी समजूत घातली, की बंदुका उचलणारे पुष्कळ आहेत, फौजेची बाजू तिथे जाऊन मांडणारा हवा आहे. म्हणून ते गेले म्हणे.

लग्नाची आख्यायिका मोठी गमतीची आहे. हॅना प्लमर या मुलीसाठी दोघे उमेदवार होते. मेकन यांनी प्रतिस्पर्ध्याला पत्त्यांचा डाव सुचवला, जो हरेल त्याने माघार घ्यायची. हरले मेकनच! डाव हरल्यावर मात्र त्यांनी पत्ते टाकून दिले आणि आपण पत्ते हरलो असलो तरी हॅनावरचा जीव हरलेलो नाही, असे तिलाच सांगून टाकले. तिनेही हरलेल्यालाच पसंत केले. खरेखोटे देव जाणे. १७८३ मध्ये लग्न झाले आणि १७९० मध्ये, जेमतेम सात वर्षांत, हॅना गेली. मुलगाही लहानपणीच गेला. दोन मुली राहिल्या. मेकन यांनी पुन्हा लग्न केले नाही. ज्या वर्षी तो माणूस पहिल्यांदा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत जाऊन बसला ते वर्ष होते १७९१. घर नुकतेच रिकामे झालेले होते.

१७९१ ते १८१५ प्रतिनिधिगृहात आणि १८१५ ते १८२८ सिनेटमध्ये असा हा प्रवास. सहा अध्यक्षांच्या कारकिर्दी त्यांनी बाकावर बसून पाहिल्या. वॉरेन परगण्यातून आधी फिलाडेल्फियाला आणि १८०० नंतर वॉशिंग्टनला वर्षानुवर्षे जाणे-येणे झाले. कपडे कायम एकाच बेताचे. तरुणपणी युद्धाच्या काळात जी तऱ्हा होती तीच म्हातारपणीही राहिली. निळा सूट, स्वच्छ पांढरे कापड, काठाची हॅट, पायात उंच बूट. मळ्याचे नाव बक स्प्रिंग. सुमारे दोन हजार एकर जमीन आणि त्यावर राहते घर कसले, तर एका खोलीचे, वर माळा! शेजारच्याच्या कुत्र्याचे भुंकणे ऐकू येईल इतक्या जवळ माणसाने राहू नये असे त्यांचे मत होते. आमच्या चाळीत त्यांचे कसे झाले असते कोण जाणे. तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस आले, की सिनेटरसाहेब स्वतः शेतात उतरत आणि गुलामांच्या पुढे राहून काम करीत.

हे सगळे मी प्रशिक्षण वर्गात रंगवून सांगत असे. मग यायची त्यांच्या नकारांची यादी. त्यांच्या काळात असे बोलले जाई, की गृहातल्या कुठल्याही दहा सदस्यांची विरोधी मते एकत्र केली तरी मेकन यांच्या एकट्याच्या मतांची बरोबरी होणार नाही. जॉर्ज वॉशिंग्टन वारले तेव्हा त्यांची भव्य समाधी बांधायचा प्रस्ताव आला. साऱ्या देशाच्या डोळ्यांत पाणी असताना मेकन यांनी उभे राहून विरोध केला. छपाईची कला निघाल्यापासून माणसाची आठवण कागदावर राहते, त्यासाठी दगड रचायला नकोत, असा त्यांचा मुद्दा होता. १८२४ मध्ये लाफाएत अमेरिकेत आले. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला हा फ्रेंच सरदार तेव्हा म्हातारा आणि कर्जबाजारी झालेला. गावोगाव त्याच्या मिरवणुका निघत होत्या. काँग्रेसने त्याला दोन लाख डॉलर आणि जमीन द्यायचे ठरवले. सिनेटमध्ये विरोधात पडलेली मते अगदी थोडी होती आणि त्यातले एक मेकन यांचे होते. आपल्याच देशातल्या किती शिपायांनी त्याच्याइतकेच सोसले आणि त्यांना काही मिळाले नाही, हा त्यांचा हिशेब. स्वतः पगार न घेता लढलेल्या माणसाला हे बोलण्याचा अधिकारही होता.

बँकांवर तर त्यांचा विशेष राग. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय बँकेची सनद १८११ मध्ये संपत आली तेव्हा तिच्या नूतनीकरणाला त्यांचा विरोध होता आणि १८१६ मध्ये दुसरी बँक निघाली तेव्हा तिलाही होता. बँकेतल्या प्रशिक्षण वर्गात बँकांच्या शत्रूची तारीफ करणे म्हणजे जरा आगाऊपणाच, पण मुलांना तेवढेच हसू यायचे.

ते नुसते अडून बसणारे होते असे मात्र नाही. १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा आला, तेव्हा त्याविरुद्ध जे लढले त्यांत मेकन पुढे होते. १८०१ मध्ये जेफरसन यांचा पक्ष सत्तेवर आला आणि मेकन प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. सलग सहा वर्षे ते त्या आसनावर होते. या काळातली त्यांची दोन मते मला फार महत्त्वाची वाटतात. पहिले मला पूर्वीपासून ठाऊक होते. दुसरे कळायला बराच उशीर झाला.

पहिले मत १८०३ च्या डिसेंबरातले. त्या वेळच्या घटनेप्रमाणे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी वेगळे मतदान नव्हते. त्यामुळे १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे बर यांना सारखी मते पडली आणि प्रतिनिधिगृहात छत्तीस वेळा मतदान घ्यावे लागले. हा घोळ मिटवणारी बारावी घटनादुरुस्ती मांडली गेली. दोनतृतीयांश मते हवी होती. बाजूने पडली ८३, विरोधात ४२. एक मत कमी! सभापतींनी आपला मतदानाचा हक्क बजावला आणि चौऱ्याऐंशीवे मत टाकले. अमेरिकेत आजही अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी वेगळी मते मोजली जातात. जन्मभर ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या एका ‘होय’वर ती दुरुस्ती प्रतिनिधिगृहात तरली.

दुसरे मत १८०७ च्या जानेवारीतले. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १ जानेवारी १८०८ पासून बंदी घालणारा कायदा तयार होत होता. प्रश्न असा पडला, की बंदी मोडून कुणी जहाज भरून माणसे आणली आणि ती पकडली गेली, तर त्या माणसांचे करायचे काय? दक्षिणेकडच्या सदस्यांना ती जप्त माल म्हणून विकायला हवी होती. उत्तरेकडच्या एका सदस्याने साधी दुरुस्ती सुचवली, की या कायद्यान्वये कुणाही माणसाला गुलाम म्हणून विकले जाणार नाही. मते मोजली. बाजूने साठ, विरोधात साठ. पुन्हा सगळे डोळे सभापतींकडे वळले. मेकन यांनी निर्णायक मत दुरुस्तीच्या विरोधात टाकले. दुरुस्ती पडली. पुढे कायदा झाला, त्यात अशा माणसांचे काय करायचे हे ज्या त्या राज्यावर सोपवून सगळ्यांनी हात झटकले.

त्याच वर्षी त्यांचे सभापतिपद गेले, पण ते दुसऱ्याच कारणाने. त्यांचे जिवलग मित्र जॉन रँडॉल्फ यांचे जेफरसन यांच्याशी फाटले होते आणि मेकन मित्राच्या बाजूला राहिले. मित्रासाठी पद जाऊ देणारा माणूस, हेही मी वर्गात कौतुकाने सांगत असे.

त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्याची तर तऱ्हाच न्यारी. इंग्लंड आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्या लढाईत अमेरिकेची जहाजे दोन्हीकडून पकडली जात होती. १८१० चा ‘मेकन यांचे दुसरे विधेयक’ म्हणून ओळखला जाणारा कायदा म्हणाला, की व्यापार दोघांशीही खुला, पण दोघांपैकी जो आधी आमच्या जहाजांना त्रास देणे थांबवेल त्याच्या शत्रूशी आम्ही व्यापार बंद करू. नेपोलियनने आपण थांबवल्याचे भासवले, अध्यक्ष मॅडिसन यांनी ते खरे मानले आणि इंग्लंडशी गाडी १८१२ च्या युद्धापर्यंत गेली. गंमत अशी, की हे विधेयक मेकन यांचे नव्हतेच. ते समितीचे प्रमुख होते म्हणून त्यांचे नाव चिकटले. त्यांचा स्वतःचा त्याला विरोध होता! शाळेच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव राहिले ते त्यांना नको असलेल्या कायद्यामुळे. युद्धाला मात्र त्यांनी संमती दिली आणि युद्धासाठी लागणाऱ्या करांना विरोध केला. युद्ध फुकट लढता येते असे त्यांना वाटत होते की काय, नकळे.

आता त्या पत्राकडे येतो, ज्याने माझी गोष्ट मोडली.

१८१७ मध्ये काँग्रेसने एक विधेयक संमत केले. दुसऱ्या राष्ट्रीय बँकेने सनदेच्या मोबदल्यात सरकारला दिलेले पंधरा लाख डॉलर आणि बँकेचा लाभांश रस्ते आणि कालवे बांधायला वापरावा, असे ते होते. मेकन अर्थातच विरोधात होते. अध्यक्ष मॅडिसन यांनी शेवटच्या क्षणी ते नाकारले. मी हे वाचून खूश झालो होतो, की पाहा, बँकेचा पैसा उधळू दिला नाही! त्यांच्या स्वतःच्या राज्यात त्या काळी रस्त्यांची दुर्दशा होती. आर्चिबाल्ड मर्फी नावाचे गृहस्थ कालवे, रस्ते आणि सार्वजनिक शाळांच्या योजना घेऊन विधिमंडळाची दारे ठोठावत होते आणि तिथून रिकाम्या हाती परतत होते. न्यूयॉर्क राज्याने, वॉशिंग्टनची मदत नसताना, आपल्या बळावर ३६३ मैलांचा ईरी कालवा खणला आणि त्याचे भाग्य फळफळले. मेकन यांच्या राज्यातली माणसे गाड्या भरून पश्चिमेकडे निघून जात राहिली. एवढे नुकसान समोर दिसत असताना माणूस ‘नाही’वर ठाम राहतो, म्हणजे तत्त्वनिष्ठा केवढी, असे मला वाटे.

मग १८१८ मध्ये त्यांनी बार्टलेट यान्सी या आपल्या राज्यातल्या पुढाऱ्याला लिहिलेल्या पत्राविषयी वाचनात आले. त्यात मेकन यांनी आपल्या नकाराचे कारण स्वच्छ सांगितले आहे. घटनेत लिहिलेले नसताना काँग्रेस जर कालवे खणू शकते, तर तीच काँग्रेस त्याहून अधिक अधिकाराने गुलामांना मुक्तही करू शकेल, असा त्यांचा इशारा होता. कालव्याच्या वाटेने काय येईल याची त्यांना धास्ती होती. बँक काय, रस्ता काय, केंद्र सरकारच्या हाताला बळ देणारी कुठलीही गोष्ट उद्या बक स्प्रिंगच्या मळ्यापर्यंत पोहोचू शकेल, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते.

पत्राविषयी वाचले आणि मला एक जुना कागद आठवला. मी तालुक्याच्या शाखेत असताना चामड्याचे काम करणारे एक गृहस्थ दुकानासाठी कर्ज मागायला आले होते. कागदपत्रे पुरी होती, जामीन होता. मी शेरा मारला, परतफेडीची शाश्वती वाटत नाही. त्याच महिन्यात बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या कापडवाल्याचा त्याहून ढिला प्रस्ताव मी मंजूर केला होता. शेरा नियमाला धरूनच होता. वरच्या कार्यालयाने कधी विचारले नाही. ते गृहस्थ मला ‘साहेब, पुढच्या वर्षी येऊ का’ असे विचारून गेले आणि आले नाहीत. प्रशिक्षण वर्गात मेकन यांची गोष्ट सांगायला मी त्यानंतर उभा राहिलो नाही.

बक स्प्रिंगवर सत्तरच्या आसपास गुलाम होते. ज्यांच्या पुढे राहून साहेब तंबाखू खुडत, ते हेच. साहेबांना दमले की थांबता येत होते. आणखी एक हिशेब बँकवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. घटनेप्रमाणे राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा मिळणार हे लोकसंख्येवर ठरे आणि त्यात दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरली जात. मत देण्याचा अधिकार शून्य, मोजणीत मात्र तीनपंचमांश. म्हणजे मेकन यांच्यासारख्यांची जी खुर्ची होती तिचा थोडा भार याच लोकांच्या डोक्यावर होता. १७९० च्या शिरगणतीत त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १८३० मध्ये ते वीस लाखांवर गेले.

१८२० मध्ये मिसूरी राज्याच्या निमित्ताने गुलामगिरीचा वाद सिनेटमध्ये पेटला, तेव्हा मेकन यांनी तडजोडीलाही विरोध केला. त्या वेळचे त्यांचे भाषण वाचवत नाही. उत्तरेकडच्या सदस्यांनी आपल्याबरोबर घरी यावे आणि मालक परत आलेला पाहून गुलामांचे चेहरे कसे फुलतात, ते हात कसे हातात घेतात हे डोळ्यांनी पाहावे, असे आमंत्रणच त्यांनी दिले. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. त्यांना खरोखरच तसे दिसत असावे, आणि मला अस्वस्थ करते ते हेच.

मेकन यांच्याच काळात दुसरी वाट घेणारे लोक होते, आणि फार लांबचे नव्हते. त्यांचे परममित्र रँडॉल्फ हेही मळेवाले, केंद्र सरकारचे तितकेच कडवे विरोधक आणि तोंडाने फटकळ. पण १८३३ मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त करून त्यांच्यासाठी जमिनीची तरतूद करून गेले. नातेवाइकांनी तेरा वर्षे कोर्टात झुलवले, तरी १८४६ मध्ये ३८३ माणसे व्हर्जिनियातून ओहायोकडे चालू लागली. मेकन यांनी तसे काही केले नाही.

सत्तरीला आलेल्या माणसाने जागा सोडावी असे त्यांचे मत होते. म्हणून १८२८ च्या नोव्हेंबरात, मुदत शिल्लक असताना, त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला. त्याबरोबर विद्यापीठाचे विश्वस्तपद सोडले, गावातले मॅजिस्ट्रेटचे पदही सोडले. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही. १८३५ मध्ये राज्याच्या घटनादुरुस्तीसाठी भरलेल्या सभेने त्यांना बाहेर ओढून अध्यक्ष केले. तिथे सरकारी पदासाठी धर्माची अट असूच नये, अशी बाजू या वृद्ध गृहस्थांनी मांडली. आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या त्या सभेने स्वतंत्र काळ्या नागरिकांना राज्यात तोपर्यंत असलेला मताचा हक्क काढून घेतला.

२९ जून १८३७ रोजी ते बक स्प्रिंगला वारले. मृत्यू जवळ आल्याचे कळताच त्यांनी डॉक्टरांचे बिल मागवून चुकते केले, साध्या फळ्यांची शवपेटी करवून घेतली आणि तिचेही पैसे जिवंतपणीच दिले, अशी आठवण सांगतात. उभ्या आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही. ‘येणे बाकी नाही’ असा दाखला माझ्या हातून त्यांना डोळे मिटून दिला गेला असता. त्या दिवशी मालमत्तेची यादी करायला कुणी बसले असते, तर जमीन, घोडे, तंबाखू यांच्या खाली सत्तर नावे त्याला लिहावी लागली असती, आणि प्रत्येकापुढे किंमत.

पुरण्यासाठी त्यांनी मळ्यातली अगदी नापीक, खडकाळ जागा निवडून ठेवली होती, चांगली जमीन वाया जाऊ नये म्हणून. वर समाधी नको, फक्त आजूबाजूचे दगड आणून टाका, म्हणजे कुणी तिथे नांगर घालणार नाही, असे सांगून ठेवले होते. लोकांनी तसे केले. पुढे येणारे-जाणारेही एकेक दगड टाकत गेले. ती रास आजही तिथे आहे.